नाहीसा झालेला तंतू आणि सूर्यावरचा उद्रेक

गेल्या महिन्यात नागपूरच्या वाचकांकडून सूर्याविषयी बरीच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत होती : सूर्यबिंबावर दिसणारा काळा तंतू एकाएकी नाहीसा झाला, तर सूर्यावरून काहीतरी सुटून निघाले असे समजायचे का? या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका खगोलप्रेमी मित्राने एच-अल्फा दुर्बीण लावली होती. शनिवारी सकाळी सूर्याच्या डाव्या वरच्या भागात एक लांब, काळी, किंचित वाकलेली रेघ स्पष्ट दिसली. रविवारी त्याच वेळी पाहिले, तर ती तेथे नव्हती. रेघ कडेपासून बरीच आत होती. दुपारी मोबाइलवर ‘सूर्यावर प्रचंड स्फोट, पृथ्वीकडे वादळ’ असा संदेश फिरू लागला. या दोन्ही गोष्टी एकच आहेत का?
— एक निवृत्त अभियंता, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. दोन्ही दिवशी एकाच वेळी पाहिले आणि रेघ कडेपासून किती आत होती हे लक्षात ठेवले. या दुसऱ्या नोंदीमुळे एक शक्यता लगेच बाद होते. पृथ्वीवरून पाहताना सूर्याची एक फेरी पुरी व्हायला सुमारे २७ दिवस लागतात, म्हणजे बिंबाच्या मध्यावरची वस्तू कडेपर्यंत सरकायला जवळजवळ आठवडा जातो. एवढी आत असलेली रेघ एका रात्रीत फिरून पलीकडे जात नाही.

आपण पाहिलेली रेघ म्हणजे सौर तंतू. खगोलप्रेमींच्या रोजच्या बोलण्यात फिलामेंट. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाच्या वर, प्रभामंडलात म्हणजे करोनात, हजारो किलोमीटर उंचीवर तरंगत राहिलेला हा तुलनेने थंड आणि दाट प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, असतो. ‘थंड’ हा शब्द सूर्याच्या मापाने घ्यायचा. तंतूचे तापमान साधारण ७,००० ते १०,००० अंशांच्या घरात असते, तर त्याच्या भोवतालचा करोना १० ते २० लाख अंशांचा असतो. घनता मात्र तंतूचीच करोनाच्या सुमारे शंभरपट असते. मोठ्या तंतूंची लांबी काही लाख किलोमीटर भरते, आणि आपल्या अख्ख्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशात, म्हणजेच एच-अल्फामध्ये, हा वायू खालून येणारा प्रकाश शोषून इतर दिशांना विखरतो, म्हणून बिंबाच्या पार्श्वभूमीवर तो काळा दिसतो.

आता खरा प्रश्न असा की सूर्यावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे २८ पट असताना एवढा दाट वायू वर टिकतो कसा. तो चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने टिकतो. पावसात लग्नाच्या मांडवाचे कापड जेथे पोक येऊन खाली लोंबते तेथे पाणी साचते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सूर्यावरच्या चुंबकीय बलरेषाही काही ठिकाणी अशाच खाली झुकलेल्या असतात आणि त्या खोलगट भागात दाट प्लाझ्मा साचून राहतो. फरक एवढाच की सूर्यावरचे कापड आपल्याला दिसत नाही, फक्त पाणी दिसते. तंतूविषयीचा पुढचा सारा विचार करताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, कारण आपल्याला काळजी करायची असते ती न दिसणाऱ्या कापडाची, आणि आपण पाहत असतो ते पाणी.

मांडवावरचे पाणी दिसेनासे झाले, तर त्याचे कारण एकच नसते. दोर तुटून वाऱ्याने कापडच उडवले असेल, आणि पाणी त्याच्याबरोबर फेकले गेले असेल. ऊन पडून पाणी वाळले असेल. मांडव मात्र जागच्या जागी असेल. किंवा एका कोपऱ्यातून ते हळूहळू गळून गेले असेल. तंतूच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घडतात. पहिल्या प्रकारात चुंबकीय रचना वर झेपावते आणि प्लाझ्मा अवकाशात फेकला जातो. दुसऱ्या प्रकारात तंतू तापतो. तापल्यावर हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात, तांबडा प्रकाश शोषायला अणूच उरत नाहीत आणि एच-अल्फामध्ये रेघ पुसली जाते, पण अतिनील प्रकाशात पाहिले तर तोच तंतू तेथेच चमकताना सापडतो. तिसऱ्या प्रकारात प्लाझ्मा बलरेषांवरून घसरत दोन्ही टोकांकडून पृष्ठभागावर उतरतो.

चौथे कारण मांडवाच्या उपमेत बसत नाही, आणि गच्चीवरच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याची सर्वांत जास्त फसगत तेच करते. एच-अल्फा दुर्बिणीतला फिल्टर अतिशय अरुंद पट्टा पुढे जाऊ देतो. हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींत हा पट्टा बहुधा ०.०५ ते ०.०७ नॅनोमीटरचा असतो. तंतू आपल्या दिशेने सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने वर चढू लागला, तर डॉप्लर परिणामामुळे त्याची शोषणरेषा सुमारे ०.०६६ नॅनोमीटरने निळ्या बाजूला सरकते आणि फिल्टरच्या पट्ट्याबाहेर निघून जाते. तंतू तेथेच असतो, काळाही असतो, पण आपल्या फिल्टरला तो दिसत नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी हे स्वतः अनुभवले आहे. मधला भाग तुटल्यासारखा झालेला एक तंतू पाहत असताना मी फिल्टर जुळवण्याची कडी जेमतेम पाव फेरी फिरवली, आणि गेलेला तुकडा सावलीसारखा परत आला, तर शेजारचा स्थिर भाग फिकट झाला. त्या अर्ध्या मिनिटात जे समजले ते अनेक पाने वाचूनही तितके समजले नसते. आपल्या मित्रांच्या दुर्बिणीला अशी कडी असेल, तर पुढच्या वेळी तंतू दिसेनासा होताच ती दोन्ही बाजूंना फिरवून पाहावी.

सारांश असा की केवळ दोन सकाळच्या निरीक्षणांवरून आपली रेघ कोणत्या मार्गाने गेली हे ठरत नाही आणि तो संदेश खरा की खोटा हेही ठरत नाही. त्यासाठी मधल्या तासांची चित्रे लागतात. उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावरच्या सौर वेधशाळेत अशी चित्रे घेतली जातात. जगभरातल्या सहा ठिकाणांहून सूर्यावर सतत नजर ठेवणाऱ्या गाँग या जाळ्यातले ते एक ठिकाण आहे, आणि या जाळ्यातली एच-अल्फा चित्रे कोणालाही पाहता येतात. शनिवार सकाळ ते रविवार सकाळ एवढ्या वेळातली चित्रे ओळीने पाहिली, की तंतू उचलला गेला, विरला की गळून गेला, हे बहुतेक वेळा डोळ्यांनाच कळते.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवते. ‘तंतूचा उद्रेक झाल्यामुळे कोरोनल मास इजेक्शन झाले’ असे वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार येते. तंतू हे खरोखरच कारण आहे का, की दोन्ही घटना एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत? विद्यार्थ्यांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आपली शंका योग्य आहे आणि वर्गात दुसरे उत्तरच सांगावे. कोरोनल मास इजेक्शन म्हणजे करोनातला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रासकट अवकाशात फेकला जाणे. मांडव उडतो तेव्हा त्यातले पाणी त्याला उडवत नाही. तंतू आणि मास इजेक्शन ही एकाच चुंबकीय रचनेची दोन रूपे असतात.

सूर्याच्या पृष्ठभागावर जेथे चुंबकीय उत्तर ध्रुवता आणि दक्षिण ध्रुवता यांचे प्रदेश एकमेकांना भिडतात, तेथे त्यांच्यामध्ये एक सीमारेषा असते आणि तंतू नेहमी अशा सीमारेषेच्या वरच सापडतो. या रेषेवरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चुंबकीय कमानी गेलेल्या असतात. काचेच्या बांगड्या अर्ध्या मातीत पुरून ओळीने उभ्या केल्या तर जसे दिसेल तसे. पृष्ठभागावरचे प्रवाह कमानींची मुळे विरुद्ध दिशांना ओढत राहतात, सीमेवर विरुद्ध ध्रुवता एकमेकींना भिडून नाहीशा होत राहतात, आणि या सगळ्या ओढाताणीत कमानींच्या खाली बलरेषांची एक पिळलेली दोरी तयार होत जाते. तंतूतला प्लाझ्मा या दोरीच्या खालच्या, झुकलेल्या भागात असतो. दोरीत पीळ वाढतो तशी तिच्यात ऊर्जा साठते, आणि ती वर उसळू पाहते. वरच्या कमानी तिला दाबून धरतात.

हा तोल कायम राहत नाही, कारण वरच्या कमानींची पकड उंचीबरोबर सैल होत जाते. दोरी अशा उंचीवर पोहोचली, की जेथे बाह्य क्षेत्र उंचीच्या साधारण दीड घाताने किंवा त्याहून वेगाने कमी होते, की मग ती किंचित वर सरकल्यावर तिला खाली दाबणारे बल तिच्या उसळीपेक्षा जास्त घटलेले असते, आणि ती परत येत नाही. या अस्थिरतेचे गणित २००६ मध्ये क्लीम आणि टॉरॉक यांनी मांडले. प्रत्यक्ष निरीक्षणातही याच्याशी जुळणारे दोन टप्पे दिसतात. आधी तंतू काही तास सेकंदाला काही किलोमीटर अशा संथ गतीने वर चढतो, काळसर व रुंद होतो, त्याच्या अंगात हालचाल वाढते. आणि मग काही मिनिटांत त्याचा वेग सेकंदाला शेकडो किलोमीटरवर जातो. तो गेल्यावर खाली ताणलेल्या बलरेषा पुन्हा एकमेकींशी जोडल्या जातात, आणि पृष्ठभागावर सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना दोन तेजस्वी फिती उमटून हळूहळू एकमेकींपासून दूर सरकतात. तंतू खरोखर उडाला याचा एच-अल्फामधला सर्वांत चांगला पुरावा या दोन फितींचा आहे. करोनाच्या चित्रांत त्याच जागी काही तास काळसरपणा येतो, कारण तेथला वायूच निघून गेलेला असतो.

करोनाग्राफच्या, म्हणजे सूर्यबिंब झाकून भोवतालचा करोना टिपणाऱ्या उपकरणाच्या, चित्रात नमुनेदार मास इजेक्शनचे तीन भाग दिसतात : पुढे तेजस्वी कड, तिच्या मागे काळी पोकळी आणि पोकळीत तेजस्वी गाभा. हा गाभा म्हणजे बहुधा आपला तंतूच असतो, पोकळी ही पिळलेल्या दोरीची जागा असते, आणि पुढची कड म्हणजे वरच्या कमानींतून ढकलत आणलेला करोना. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे चित्र काढून दाखवले, तर कोण कोणाचे कारण हा गोंधळ राहणार नाही. तंतू मागून निघतो, पुढे असणाऱ्या गोष्टींना तो ढकलत नाही. सर्वांना दोरीच घेऊन जाते.

संबंध किती घट्ट आहे याचे आकडेही सांगण्यासारखे आहेत. १९७३-७४ मधील स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाच्या निरीक्षणांचा जो अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७० टक्क्यांहून अधिक मास इजेक्शनांशी तेजःशृंगाचा (म्हणजे कडेवर दिसणाऱ्या तंतूचा) उद्रेक किंवा तंतूचे नाहीसे होणे जोडलेले आढळले, तर सौरज्वालांशी, म्हणजे सूर्यावरच्या एकाएकी होणाऱ्या तेजस्वी भडक्यांशी, जोडलेल्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. उलट दिशेने, जपानच्या नोबेयामा येथील रेडिओ निरीक्षणांतल्या तेजःशृंगांच्या उद्रेकांपासून सुरुवात केली, तर २००३ मधील अभ्यासात सुमारे ७२ टक्के उद्रेकांबरोबर मास इजेक्शन सापडले. उरलेल्या उद्रेकांत पदार्थ वर जाऊन बहुधा खाली पडतो. २७ मे २००२ रोजी टिपलेला असा एक फसलेला उद्रेक अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. तंतू झपाट्याने उसळला, त्याला पीळही चांगला होता, पण वरच्या कमानींनी त्याला अडवले आणि द्रव्य माघारी आले. म्हणून ‘तंतू उडाला’ यावरून ‘मास इजेक्शन निघाले’ असे आपोआप म्हणता येत नाही. करोनाग्राफ पाहावाच लागतो.

प्रश्न : पुस्तकात सौर तंतू आणि तेजःशृंग अशी दोन वेगळी नावे आहेत. फरक काय?
— बारावीचा विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : वस्तू एकच आहे, फक्त ती कोठे आहे यावर नाव बदलते. बिंबावर असताना मागे सूर्याचा लख्ख पृष्ठभाग असतो, म्हणून ती काळी दिसते आणि तिला तंतू म्हणतात. फिरत फिरत कडेला आली की मागे काळे आकाश येते, तीच वस्तू गुलाबी-तांबडी चमकते आणि तिला तेजःशृंग किंवा प्रॉमिनन्स म्हणतात.

नावे दोन पडण्याचे कारण इतिहासात आहे. तेजःशृंगे खग्रास ग्रहणात नुसत्या डोळ्यांनीही दिसत, तंतू मात्र एकाच तरंगलांबीत सूर्य पाहण्याची उपकरणे आल्यावर दिसू लागले. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिषी जानसेन यांनी तेजःशृंगांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या, त्यामुळे ती वायूंची बनलेली आहेत हे सिद्ध झाले, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी ती पाहून दाखवली. आपल्याकडे याच शोधासाठी विजयदुर्ग किल्ल्यावर ब्रिटिश ज्योतिषी लॉकयर १८६८ मध्ये आले होते असे अनेकदा सांगितले जाते, तसे नाही. लॉकयर यांनी ते काम इंग्लंडमध्ये केले, आणि विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाडाकडे गेला होता, आणि ब्रिटिश निरीक्षकांच्या तुकड्या पुलगावला आणि धामणगावजवळच्या तळणीलाही उतरल्या होत्या. तळणीहून ॲनी माँडर यांनी करोनाच्या एका अत्यंत लांब शलाकेचे छायाचित्र घेतले. वर्ध्याहून धामणगावकडे जाताना गाडी तळणीवरून जाते तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

भारतात कोडाईकॅनलच्या वेधशाळेत १९१२ पासून एच-अल्फा छायाचित्रे घेतली गेली आहेत, त्यामुळे शंभर वर्षांहून अधिक काळातल्या तंतूंचा हिशेब आज मांडता येतो. तुम्हाला पुढे या विषयात काम करायचे असेल, तर एवढा जुना आणि सलग संग्रह आपल्याच देशात आहे हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मी वीज क्षेत्रात काम करतो. सौरज्वाला आली की इशारे येतात, बातम्या येतात. पण तंतू उडाल्यावर तसा गाजावाजा होत नाही. मग हा धोका कमी समजायचा का? आणि नागपूरसारख्या ठिकाणी नेमके काय होऊ शकते?
— एक कर्मचारी, कोराडी, नागपूर

उत्तर : गाजावाजा कमी होतो, कारण गाजावाजा करणारे साधनच तेथे गप्प बसते. मोठी सौरज्वाला क्ष-किरणांचा झोत सोडते, तो प्रकाशाच्या वेगाने सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत उपग्रहांपर्यंत पोहोचतो आणि इशारा दिला जातो. सौर डागांपासून दूर, शांत भागातला तंतू उडतो तेव्हा चुंबकीय क्षेत्र क्षीण असल्यामुळे ज्वाला अगदी मंद असते, किंवा क्ष-किरणांच्या आलेखावर जेमतेम उठते. पण त्याच्याबरोबर निघालेला चुंबकीय ढग मात्र मोठा आणि सुसंघटित असू शकतो. सौर भौतिकीत एके काळी ‘कूट वादळे’ म्हणावीत अशी भूचुंबकीय वादळे नोंदली जात, ज्यांच्या आधी सूर्यावर काहीच मोठे घडलेले दिसत नसे. त्यांतल्या कित्येकांचा माग शेवटी नाहीशा झालेल्या तंतूपर्यंत लागला. म्हणूनच १९८१ मध्ये जोसेलिन आणि मॅकिंटॉश यांनी तंतूंचे नाहीसे होणे हे भूचुंबकीय हालचालीचे पूर्वचिन्ह म्हणून वापरावे असे सुचवले.

जानेवारी १९९७ ची घटना मला या बाबतीत सर्वांत बोलकी वाटते. ६ जानेवारीला सोहो यानाच्या करोनाग्राफमध्ये सूर्याभोवती फिकट कडे दिसले, म्हणजे ढग पृथ्वीच्या दिशेने निघाला होता. सूर्यबिंबावर मात्र एक लहानसा तंतू नाहीसा होण्यापलीकडे फारसे काही दिसत नव्हते. तीन-साडेतीन दिवसांनी, १० तारखेला, तो चुंबकीय ढग पृथ्वीजवळच्या विंड यानावरून गेला आणि भूचुंबकीय वादळ झाले. ११ तारखेला ढगाच्या शेपटाकडे एकाएकी अतिशय दाट, थंड वायूचा पट्टा आला, आणि अभ्यासकांनी तो तंतूचाच पदार्थ असल्याचा निष्कर्ष काढला. सूर्यावरून ‘गेलेली’ रेघ पृथ्वीच्या दारात मोजली गेली. त्याच दिवशी अमेरिकेचा एक दूरसंचार उपग्रह कायमचा निकामी झाला. वादळ हेच त्याचे कारण होते का, यावर एकमत झाले नाही.

उलट टोकाचे उदाहरण ३१ ऑगस्ट २०१२ चे. त्या दिवशी उडालेल्या एका लांब तंतूबरोबरचे मास इजेक्शन सेकंदाला १,४०० किलोमीटरहून अधिक वेगाने निघाले, म्हणजे ‘तंतूचे उद्रेक नेहमी संथ असतात’ हेही खरे नाही. ते थेट पृथ्वीच्या दिशेने नव्हते. बाजूने चाटून गेले आणि ३ सप्टेंबरच्या रात्री उत्तरेकडच्या देशांत ध्रुवीय प्रकाश दिसला.

ढग आल्यावर पुढे काय होईल हे त्याच्या आतल्या चुंबकीय दिशेवर ठरते. ती दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी तिची गाठ पडून ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल, तर वेगवान ढगही फारसे काही न करता निघून जातो. ही दिशा खात्रीने कळते ती ढग पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवर पोहोचल्यावर, म्हणजे ढगाच्या वेगाप्रमाणे पाऊण-एक तास आधी, आणि एवढाच वेळ हाताशी असतो. आपले आदित्य एल-१ यान ६ जानेवारी २०२४ पासून याच बिंदूभोवती फिरत आहे. त्यावर करोना पाहणारे उपकरण आहे, येणाऱ्या वाऱ्याचे कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे आहेत, आणि पुण्याच्या आयुकात विकसित झालेली, अतिनील प्रकाशात संपूर्ण सूर्यबिंब टिपणारी सूट ही दुर्बीणही आहे. तंतूच्या उद्रेकाचा माग एकाच यानावरून सूर्यापासून दारापर्यंत घेता यावा, ही सोय आपल्याला पहिल्यांदाच मिळाली आहे.

आता नागपूर. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. तसे येथे होण्याची शक्यता फार कमी आहे. जमिनीतून वाहिन्यांत शिरणारे प्रवाह उच्च अक्षांशांवर सर्वांत तीव्र असतात, आणि आपण २१ अंशांवर आहोत. पण ‘कमी’ म्हणजे ‘काहीच नाही’ असे नव्हे, कारण मोठे वादळ विषुववृत्ताकडेही जाणवते. सप्टेंबर १८५९ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद आहे, आणि त्या वादळाच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापे अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून तेथे नोंदी चालू आहेत. आपल्या भागात जास्त जाणवणारा परिणाम आयनांबरावरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरचा, असतो. वादळात आयनांबर ढवळले की जीपीएसच्या मोजमापात चूक वाढते, उच्च वारंवारतेचा रेडिओ खरखरतो किंवा बंद पडतो. जमीनमोजणीची रोव्हर यंत्रे, ड्रोन आणि विमानवाहतूक यांना तो त्रास होऊ शकतो. उपकेंद्रात काम करताना, अशा दिवशी रोहित्राच्या न्यूट्रलमधून वाहणाऱ्या प्रवाहाची नोंद नेहमीपेक्षा जास्त वेळा घेता आली, तर घ्यावी. भारतातल्या अशा नोंदी थोड्या आहेत आणि त्यांना मोल आहे.

प्रश्न : नवतपात सूर्यावर असा उद्रेक झाला तर ऊन आणखी वाढते का?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : नाही. मास इजेक्शनमधला वायू इतका विरळ असतो, आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र व वातावरण त्याला इतक्या वर अडवतात, की हवेच्या तापमानावर त्याचा परिणाम होत नाही. नागपूरचा मे महिना तापतो तो सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आभाळ निरभ्र असते आणि जमीन कोरडी असते म्हणून.

प्रश्न : तंतू नाहीसा होताना आपल्याला स्वतःला टिपता येईल का? त्यासाठी काय लागेल?
— एक खगोलप्रेमी गट, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : येईल, आणि चिकाटी ठेवली तर वर्षाकाठी काही वेळा तरी येईल. आधी सुरक्षिततेची गोष्ट, कारण तीत चूक परत दुरुस्त होत नाही. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत डोकावू नये, वेल्डिंगची काच दुर्बिणीला लावू नये. साध्या सौर फिल्टरमधून फक्त डाग दिसतात. तंतूसाठी एच-अल्फा दुर्बीणच हवी. एखाद्या गटाने मिळून ती घेणे परवडते.

वेळ सकाळची निवडावी. आपल्याकडे गच्चीचा स्लॅब एकदा तापला की सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरू लागते आणि तंतूची बारीक टोके हरवतात. मे महिन्यात तर नऊनंतर पाहण्यात अर्थ राहत नाही. दुर्बीण गच्चीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा मातीच्या अंगणात किंवा हिरवळीवर ठेवावी, फरक लगेच दिसतो.

छायाचित्रे घ्यावीतच, पण रोज एक चित्र हातानेही काढावे. दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्यावर प्रत्येक तंतूची जागा, लांबी, काळेपणा, आणि वेळ. हाताने काढताना डोळा थांबतो, आणि कालपेक्षा आज तंतू जाड झाला, एका टोकाला उचलल्यासारखा वाटतो, त्यात गाठी पडल्यासारख्या दिसतात, अशा गोष्टी ध्यानात येतात. उद्रेकापूर्वीची चिन्हे बहुधा हीच असतात. असे काही दिसले तर त्या दिवशी दुर्बीण आवरू नये. दर दहा मिनिटांनी पाहावे, मध्यावर आणि निळ्या बाजूला फिल्टर फिरवून पाहावे. तंतू गेलाच, तर पुढचा अर्धा-पाऊण तास त्याच जागी दोन समांतर, उजळ फिती उमटतात का याकडे लक्ष द्यावे. फिती उमटल्या तर तो उडाला असे बऱ्याच खात्रीने लिहिता येईल. उमटल्या नाहीत, तर ‘दिसेनासा झाला’ एवढेच लिहावे.

आणि तंतू गेल्यानंतरही त्या जागेचे चित्र काढणे थांबवू नये. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ अशी आपली म्हण आहे, ती तापून विरलेल्या तंतूला अक्षरशः लागू पडते : प्लाझ्मा जातो, पण चुंबकीय दोरी जागेवर राहते, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी त्याच सीमारेषेवर पुन्हा पुसट रेघ उमटू लागते. उडून गेलेल्या तंतूच्या जागीही काही वेळा नवा तंतू बनतो, पण बहुधा आधीच्यापेक्षा उशिरा आणि थोड्या वेगळ्या आकारात. तेव्हा जाण्याची वेळ, फिती उमटल्या की नाही, आणि रेघ परत आली असेल तर कोणत्या दिवशी व कोणत्या आकारात, या तीन नोंदी एकाच पानावर असाव्यात.